पंक्चर व्हायच्या आधी एकदा टायर काढून बघा

सायकलने कामावर जायचं ठरलं की हेल्मेट, दिवे, मडगार्ड अशी खरेदी आधी होते. टायरकडे लक्ष जातं ते थेट पहिल्या पंक्चरला, अर्ध्या वाटेत, कामाचे कपडे अंगावर असताना. नवख्या माणसाची खरी धास्ती इथेच असते. रहदारीला माणूस हळूहळू सरावतो; "मध्येच टायर बसला तर?" हा प्रश्न मात्र रोज कॅरिअरवर बसून सोबत येतो. त्याला खाली उतरवायचा तर टायर धड असतानाच, घरी, निवांत वेळी एकदा पूर्ण काढायचा आणि परत चढवायचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

सुरुवात आकड्यांपासून. टायरच्या बाजूवर ते उठावात असतात आणि एकाच टायरला दोन-तीन नावं असू शकतात. भरवशाचं नाव मध्ये रेघ असलेलं: ३७-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमच्या ज्या भागावर टायरची कड बसते त्याचा व्यास. हाच टायर ७००×३५सी आणि २८×१.४० या नावांनीही मिळतो. सगळा घोळ इंचांच्या नावांत आहे. २८×१.४० आणि २८×१ १/२ ही नावं ऐकायला सारखी, पण पहिल्याचा व्यास ६२२ आणि दुसऱ्याचा ६३५, त्यामुळे एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. उलट माउंटन बाइकचा २९ इंची टायर ६२२चाच असतो. २६ इंचात तर ५५९, ५८४ आणि ५९० असे वेगवेगळे व्यास आहेत. तेव्हा दुकानात जाताना रेघेचा आकडा फोनमध्ये फोटो काढून न्यावा, इंच सांगत बसू नये.

ट्यूबच्या खोक्यावर रुंदीची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ २८ ते ३७. आपला टायर त्या मर्यादेच्या मध्यावर कुठेतरी पडला तर उत्तम. अगदी वरच्या टोकाला ट्यूब ताणली जाऊन पातळ होते. गरजेपेक्षा मोठी ट्यूब आत दुमडते आणि त्या घडीवरच घासून फुटते.

आता व्हॉल्व्ह. तीन प्रकार आहेत आणि घरच्या पंपाशी भांडण बहुधा यांच्यापैकी एकाचंच असतं.

श्रेडर म्हणजे मोटारसायकल आणि कारला असतो तोच. ८ मिलिमीटर जाड, मध्ये स्प्रिंगवर बसलेली बारीक पिन. पंपाचं तोंड ती पिन दाबतं तेव्हा हवा सहज आत जाते. तोंड नीट खोलवर बसलं नाही तर पिन दाबली जात नाही, पंपाचा दांडा दगडासारखा अडतो आणि माणूस समजतो की टायर भरला. श्रेडर भक्कम आहे, पण आतल्या पिनेपाशी वाळूचा कण अडकला की रात्रभर सूक्ष्म गळती चालते. टोपी लावण्याचं खरं कारण हेच, धूळ आत जाऊ नये.

प्रेस्टा ६ मिलिमीटरचा, बारीक आणि लांब. त्याच्या टोकाला पितळी बोंडासारखी छोटी चकती असते. ती उलटी फिरवून वर आणायची, मग बोटाने एकदा किंचित दाबून 'फुस्स' असा आवाज काढायचा. ही फुस्स महत्त्वाची. आतलं सील बरेच दिवस बंद राहून चिकटलेलं असतं. ते मोकळं केलं नाही तर पहिले काही झटके पंप वाजवी जोरापेक्षा जड जातो आणि पिन वाकते. पंपाचं तोंड सरळ बसवायचं, सरळच काढायचं. तिरपं ओढलं की चकतीची पिन वाकलीच. थोडी वाकलेली पिन हळूच सरळ करून चालते, मोडलेली नाही. काही प्रेस्टांचा आतला गाभा निघतो. त्याच्या दोन बाजू चपट्या असतात, त्यावरून ओळखावा. आटे असलेली पंपाची नळी वापरली तर ती काढताना कधीकधी हा गाभाच नळीबरोबर बाहेर येतो आणि एवढी मेहनत करून भरलेली हवा क्षणात जाते. उपाय सोपा आहे: नळी लावायच्या आधी गाभा छोट्या पान्याने घट्ट करून ठेवावा.

तिसरा डनलॉप. १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेणाऱ्या जॉन बॉयड डनलॉप यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि साध्या सायकलींवर अजून भरपूर दिसतो. जुन्या घडणीत आतल्या धातूच्या नळीवर रबरी व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली असते, हवा तिला फुगवून आत शिरते आणि बाहेर यायला लागली की तीच ट्यूब नळीला घट्ट चिकटते. रबर जुनं झालं की चिरतं किंवा चिकट होतं. रात्रीतून हवा उतरली आणि ट्यूबला भोक सापडत नसेल तर आधी हा तुकडा बदलून बघावा. अर्धी "पंक्चरं" इथेच संपतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. या व्हॉल्व्हवर पंपाचा काटा खरा दाब दाखवत नाही, रबर उचकटायला लागणारा जादा जोरही त्या आकड्यात मिसळतो. इथे अंगठ्याचा आणि नजरेचा अंदाजच जास्त उपयोगी.

रिमचं भोक व्हॉल्व्हप्रमाणे ठरतं. श्रेडर किंवा डनलॉपसाठी पाडलेल्या भोकात प्रेस्टाची ट्यूब घातली तर ती हलत राहते आणि भोकाची धार व्हॉल्व्हचं बूड कापते. मध्ये बारीक रबरी किंवा प्लॅस्टिकचं बूच घालावं लागतं. उलट प्रेस्टाच्या भोकात श्रेडर जातच नाही. भोक मोठं करायला ड्रिल घेऊन बसणारे भेटतात. अरुंद रिमवर तो उद्योग करू नये, तिथेच रिम कमजोर होतो. प्रेस्टाला रिमवर आवळायची गोल चकती येते, ती बोटाने टेकेल एवढीच फिरवायची. पान्याने आवळली की ट्यूबच्या बुडाशी ताण बसतो.

टायर किती फुगवायचा? बाजूवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो रोजचा हुकूम समजू नये. नवखे लोक दोन टोकांना जातात: एक तर बोटाने दाबून "आहे बरा" म्हणतात, किंवा कमाल आकड्यापर्यंत ठासून भरतात आणि मग रस्ता हाडात घुसतो म्हणून सायकलला दोष देतात. साधारण ७५ किलोचा माणूस आणि पाठीवर किंवा कॅरिअरवर बॅग धरली तर ३२ मिलिमीटरच्या टायरला ६० ते ७५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), ३७ला ५० ते ६५, ४२ला ४० ते ५५, ५०ला ३० ते ४५, इथून सुरुवात करावी. वजन दहा किलोने कमी-जास्त असेल तर ५ पीएसआय तसे कमी-जास्त. मागच्या चाकावर वजन जास्त पडतं म्हणून पुढच्यात मागच्यापेक्षा दहा टक्के कमी. पंपावर बारमध्ये आकडे असतील तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

दाब कमी पडला की काय होतं हे समजून घेतलं की पंप आळसाने कोपऱ्यात राहत नाही. खड्ड्याच्या धारेवर टायर पूर्ण दबतो, ट्यूब रिमच्या दोन कडा आणि खड्डा यांच्यामध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. या पंक्चरला काटा लागत नाही, काच लागत नाही. दुसरं म्हणजे ब्रेक मारताना मऊ टायर रिमवर हळूहळू सरकतो, सोबत ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. तिरका व्हॉल्व्ह दिसला की हवा सोडून, टायर मोकळा करून तो सरळ करायचा. नाही केला तर बुडाशी फाटतो, आणि तिथे ठिगळ बसत नाही.

ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते, भोक नसलं तरी. अरुंद टायरला हे लवकर जाणवतं कारण मुळात आत हवा थोडी. म्हणून आठवड्याला एक ठरलेला वार, काट्याचा उभा पंप, दोन्ही टायर. पायांत धरून दोन हातांनी मारायचा उभा पंप हीच या सगळ्यातली पहिली खरेदी असायला हवी, हेल्मेटानंतर लगेच. पंपाचं तोंड काढताना जो फुसकारा येतो तो बहुतांशी नळीतल्या हवेचा असतो, टायरचा नव्हे. त्यामुळे घाबरून परत लावायची गरज नाही. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर श्रेडरला बसतो, प्रेस्टाला पितळी अडॅप्टर लावून बसतो, पण तो कारच्या टायरसाठी आहे. सायकलचा टायर त्यावर काही सेकंदांत मर्यादा ओलांडतो, कड रिमवरून सुटते आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो. नाइलाज असेल तर एक-एक सेकंदाचे झटके द्यायचे आणि दर झटक्याला हाताने दाबून बघायचं.

आता तालीम. मागचं चाक घ्या, कारण तेच अवघड आहे आणि झीजही तेच जास्त सोसतं. गिअरची सायकल असेल तर आधी साखळी सगळ्यात छोट्या चक्रावर आणा, चाक निघायला आणि बसायला तिथे सर्वांत सोपं जातं. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर त्यांची वाकडी नळी सोडवून ब्रेक उघडा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबायचा नाही. दाबला की आतले पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. मध्ये दुमडलेला जाड पुठ्ठा सरकवून ठेवला तर निर्धास्त. नटवाल्या चाकाला बहुधा १५चा पाना लागतो, आणि तो रोजच्या बॅगेत हवा. घरी सगळं जमलं पण पानाच घरी राहिला, ही गंमत रस्त्यात कळण्यात अर्थ नाही.

हवा पूर्ण सोडा. पूर्ण म्हणजे व्हॉल्व्ह दाबून धरून, टायर हाताने पिळून. मग टायरच्या दोन्ही कडा सगळीकडून चिमटीत धरून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. सगळी युक्ती या एका हालचालीत आहे. मधल्या खाचेचा व्यास कमी असल्याने कड तिथे उतरली की समोरच्या बाजूला ढील मिळते, आणि तीच ढील लिव्हरला, म्हणजे टायरची कड उचकटायच्या चपट्या पट्टीला, हवी असते. ती न घेता जोर लावणारे प्लॅस्टिकचे लिव्हर मोडतात आणि लोखंडी लिव्हर किंवा स्क्रू ड्रायव्हरकडे वळतात, मग ट्यूब फाटते. पहिला लिव्हर कडेखाली घालून आऱ्याला अडकवा, दुसरा दहा सेंटिमीटरवर, मग तो कडेने सरकवत न्या. एकच बाजू उघडायची. दुसरी कड रिमवरच राहू द्या.

ट्यूब काढताना तिची आणि टायरची जागा एकमेकांशी जुळलेली लक्षात ठेवा. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर बसवण्याची रीत शोभेसाठी नाही. ट्यूबला भोक व्हॉल्व्हपासून कुठे आहे ते कळलं की टायरमध्ये काटा नेमका कुठे शोधायचा तेही कळतं.

बसवताना ट्यूबमध्ये तोंडाने फुंकल्याएवढी हवा घाला, ती नुसती गोल राहिली पाहिजे. व्हॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब टायरच्या आत सारा, मग कड चढवायला व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. कारण व्हॉल्व्हचं जाड बूड मधली खाच अडवतं, तिथे कड खाली उतरू शकत नाही. ती जागा शेवटी ठेवली तर बाकी सगळीकडची ढील हाताशी येते. शेवटचा वीतभर भाग अडतो, अडणारच. अंगठे लाल करण्याआधी पुन्हा एकदा समोरून कडा खाचेत ढकलत या, दोन्ही हातांनी ढील वरून खाली ओढत. मग तळहाताच्या टाचेने रेटा. शेवटी लिव्हर वापरण्याचा मोह होतो आणि नेमकी तिथेच नवी ट्यूब चिमटते. नवीन टायर आणि पंक्चररोधक जाड थराचे टायर खरंच ताठ असतात, त्यांना लिव्हर लागला तर अगदी टोकाने, ट्यूब आत ढकलून.

मग व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलून परत बाहेर ओढा, म्हणजे बुडाशी कडेखाली अडकलेली ट्यूब सुटते. दोन्ही बाजूंनी कडा फाकवून चाकभर बघा, कुठे काळी ट्यूब डोकावते का. १५-२० पीएसआय भरा, चाक फिरवा. टायरच्या बाजूवर रिमला समांतर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे बुडाली असेल तर हवा सोडून तो भाग हाताने हलवा. मगच पूर्ण भरा. चाक सायकलमध्ये घालताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, वजनाने धुरा खाचेत सरळ बसतो. आणि सोडवलेला ब्रेक परत जोडा! निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघणं हा या कामाचाच भाग समजा.

पहिल्यांदा याला पाऊण तास लागला तरी हरकत नाही. दुसऱ्यांदा फक्त बॅगेतल्या हत्यारांनी करा, घरातला पाना किंवा मोठा पंप न घेता. छोट्या हातपंपाने टायर चालवण्याजोगा करायला दोनशेच्या आसपास झटके लागू शकतात, हे घरीच अनुभवलेलं चांगलं. छोटा पंप नळीचा घ्या. थेट व्हॉल्व्हवर बसणारा पंप हलला की बूड फाटतं. एकदा संध्याकाळी डोक्याला किंवा हँडलला लावलेल्या दिव्यात करून पाहा. पंधरा-वीस मिनिटांत जमू लागलं की कामावर निघताना तेवढाच वेळ हाताशी ठेवायचा, आणि पंक्चरचा विषय तिथे संपतो.

रस्त्यात मी ट्यूब बदलतो, ठिगळ घरी लावतो. पण ट्यूब आत घालण्याआधी कारण सापडलंच पाहिजे, नाहीतर दुसरीही जाईल. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काटा, काच किंवा तारेचा तुकडा आहे. टायर आतून कापडाने पुसत जावं, कापड अडेल तिथे शोधावं. नुसती बोटं फिरवली तर रक्त निघतं. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर आऱ्यांची टोकं झाकणारी रिमची पट्टी सरकली आहे किंवा आऱ्याचं टोक वर आलं आहे. दोन भोकं शेजारी असतील तर हवा कमी होती. बाजूची भिंत चिरली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा टूथपेस्टच्या नळीचा तुकडा लावून घर गाठावं. तो टायर तेवढ्यापुरताच.

ठिगळाचं म्हणाल तर बिघडतं ते घाईने. ठिगळापेक्षा मोठा भाग घासून निस्तेज करा, ट्यूबवरची साच्याची उभी रेघ तिथे असेल तर ती सपाट होईपर्यंत. सोल्युशनचा पातळ थर लावा आणि चांगली पाच मिनिटं थांबा, ओली चमक जाईपर्यंत. ते फेव्हिकॉलसारखं ओलं असताना चिकटवायचं नसतं, त्यातला द्राव उडून गेल्यावरच ठिगळ आणि ट्यूब एकमेकांना धरतात. मग जोरात दाबा. वरचा पारदर्शक कागद सहज निघत नसेल तर राहू द्या. सोल्युशनची नळी एकदा उघडली की बंद करूनही वाळत जाते. किट बॅगेत आहे म्हणजे काम भागेल असं धरून चालू नका, अधूनमधून दाबून बघा.

चालवण्यातही टायरचा हात आहे. काचा आणि खिळे रस्त्याच्या अगदी कडेला साठतात, कारण गाड्यांची चाकं मधला भाग झाडून काढतात. घाबरून कडेला चिकटून चालवणारा माणूस म्हणूनच जास्त पंक्चर काढतो, आणि गाडीवाल्यांना दिसतोही कमी. कडेपासून मीटरभर आत चालवलं तर दोन्ही सुटतं. पावसात काच रबरात सहज घुसते, तेव्हा ओल्या दिवसानंतर टायर फिरवून रुतलेले कण टोकदार पिनेने उकरावेत. खड्डा टाळता आला नाही तर ब्रेक आधी मारा, खड्ड्यात सोडा. कोपर-गुडघे सैल ठेवून बूड सीटवरून जरा उचला. रूळ काटकोनात ओलांडा. ओल्या रंगीत पट्ट्या आणि लोखंडी झाकणांवर वळू नका, ब्रेकही नको. टायरवर खोल नक्षी असली म्हणजे ओल्या डांबरावर पकड जास्त, हा समज सायकलला लागू नाही. गुळगुळीत टायर डांबरावर उत्तम चालतो, गुठळ्यांची नक्षी मातीसाठी.

मागचा टायर मधोमध चपटा झाला किंवा आतले धागे दिसू लागले की तो बाद. त्यावेळी नवा टायर पुढे घाला आणि पुढचा मागे न्या. पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही, म्हणून चांगलं रबर पुढे.

जादाची ट्यूब हत्यारांसोबत मोकळी टाकू नये. लिव्हर आणि पाना तिला घासत राहतात आणि गरजेच्या दिवशी ती भोकासकट निघते. जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवा, प्रेस्टा असेल तर टोपी लावून. व्हॉल्व्हची लांबी रिमच्या उंचीला पुरते का तेही पाहा. खोल रिमला ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आतच राहतो आणि पंप लागत नाही. आणि खोक्यातून काढली की ती एकदा थोडी फुगवून रात्रभर ठेवा. कारखान्यातूनच गळकी आलेली ट्यूब घरी सापडलेली बरी.